दसरा चौकातलं चित्रप्रदर्शन आणि शुक्रवार पेठेतलं मटणाचं ताट

मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून शुक्रवारी रजा टाकून कोल्हापूरला गेले होते. दुपारचा चहा झाला आणि मामीनेच आम्हाला घराबाहेर काढलं, "माझ्याकडं काय बघत बसलायसा दोघं, जावा की, ते प्रदर्शन रविवारी संपतंय." मामा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, ३१ वर्षं, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना शेकडो पोरं बसवलेली, त्यामुळे गावात कुठं चित्रं लागली की त्यांना दोन दिवस आधीच माहीत असतं. आम्ही निघालो ते पाच वाजता आणि घरी आलो रात्री साडेदहाला. मधल्या साडेपाच तासांत जे बघितलं आणि जे जेवलो ते कधीचं लिहायचं मनात होतं, आज निवांत बसलेय.

प्रदर्शन दसरा चौकात शाहू स्मारक भवनच्या कलादालनात होतं. आठ जणांचं ग्रुप प्रदर्शन, सगळे कोल्हापूर आणि आजूबाजूच्या गावांतले, सगळी वॉटरकलर, साठ-पासष्ट चित्रं. तिकीट वगैरे काही नाही, दारात एक वही ठेवलेली अभिप्रायाची आणि चित्रकारांपैकी दोघं-तिघं खुर्च्या टाकून बसलेले, कुणी आलं की उठून बोलणारे.

आत शिरल्या शिरल्या मी पहिल्याच चित्रासमोर थांबले तर मामांनी हाताला धरून पुढे नेलं. त्यांची एक पद्धत आहे, शाळेतल्या पोरांनापण ते असंच करायला लावायचे. पहिली फेरी हात मागे बांधून, कुठेही न थांबता, नाव न वाचता, किंमत न बघता. मग बाहेर पायरीवर येऊन पाच मिनिटं बसायचं. आणि मग जी चित्रं डोळे मिटल्यावर आठवतायत फक्त त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं, हवा तेवढा वेळ. मी आजवर प्रदर्शनात एका टोकापासून सुरू करून प्रत्येक चित्राला सारखा अर्धा मिनिट देत जायचे आणि बाहेर आल्यावर काहीच लक्षात नसायचं. या पद्धतीने माझी तीन चित्रं उरली, आणि ती आज इतक्या दिवसांनीसुद्धा जशीच्या तशी समोर येतात.

पहिलं पंचगंगेच्या घाटाचं, पण पुरातलं. घाटावरची देवळं जवळजवळ पूर्ण बुडालेली, फक्त शिखरं वर, आणि सगळं पाणी त्या गढूळ चहासारख्या रंगाचं. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय त्यांना तो रंग सांगायला नको. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, म्हणून पावसाळ्यात लोक एकमेकांना विचारतात ते "राजाराम बंधारा किती फूट", ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आकडे शाळेतल्या पोराला पण पाठ असतात. त्या चित्रात भीती नव्हती, आरडाओरडा नव्हता, पाणी शांत होतं आणि म्हणूनच पोटात कालवलं. एका शिखरावर दोन कावळे, बास. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, २०१९ ला त्यांच्या एका मित्राचं घर आठवडाभर पाण्यात होतं, ते आठवलं असणार.

दुसरं कोटितीर्थ तळ्याचं, सकाळचं. हे चांगलं होतं पण मला त्यापेक्षा त्याच्यामागची गोष्ट जास्त लागली. कोटितीर्थ म्हटलं की कोल्हापूरच्या चित्रकारांना आबालाल रहिमान आठवतातच. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, तिथे नाव काढलं, आणि तिथे न थांबता कोल्हापूरला परत आले, शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं, आणि हा माणूस कोटितीर्थाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडं, रंकाळ्याचा तोच संध्यामठ पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९२२ ला महाराज गेले तेव्हा दुःखाने त्यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली असं गावात सांगतात. १९३१ ला ते गेले. मामांनी ही गोष्ट मला लहानपणी दहा वेळा सांगितलीय, पण त्या तळ्याच्या चित्रासमोर उभं राहून ऐकताना वेगळीच वाटली, म्हणजे आज कुणीतरी तिशीतला मुलगा सकाळी सहा वाजता बोर्ड आणि पाण्याचा डबा घेऊन त्याच काठावर बसतो, हे मला फार मोठं वाटतं. पुढं मूकपट काढणारे बाबूराव पेंटर काय, त्यांनी आणि त्यांच्या भावाने, आनंदरावांनी, घरच्या घरी कॅमेरा बनवायला घेतला आणि आनंदराव गेल्यावर बाबूरावांनी तो पुरा केला काय, खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे ते आपण रिक्षातून जाता येता बघतो, पण ही माणसंसुद्धा मुळात पडदे रंगवणारी, ब्रश धरणारी होती हे आपण विसरतो. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती, चप्पल, मिसळ. चित्रं चौथ्या नंबरलापण कुणी घेत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरं चित्र गुऱ्हाळाचं. ते मी घेतलं, म्हणून त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिते.

क्वार्टर शीट, म्हणजे साधारण ११ बाय १५ इंच. काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, उसाचा रस उकळतोय, खाली चुलाणात चिपाडं पेटलेली, मागे पत्र्याची शेड काळपट, आणि मध्ये वाफ. अख्ख्या चित्राचा निम्मा भाग वाफच आहे. वाफेत उभा गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, थोडा वाकलेला, हातात लांब दांडा, तोंड दिसत नाही, नुसता डोक्याचा टॉवेल आणि एक खांदा. मी नाक लावून बघितलं तर वाफेच्या जागी रंगच नाही! कोरा कागद. फक्त कडेला ओल्या ब्रशने रंग सोडवलाय त्यामुळे वाफ वर चढल्यासारखी वाटते. आणि काहिलीच्या काठावर केशरी रंगाची एक बारीक रेघ, एकाच स्ट्रोकमध्ये ओढलेली, शेवटी शेवटी ब्रश कोरडा पडत गेलेला, ती रेघ तिथे आहे म्हणून आख्खं चित्र गरम वाटतं. तिच्यावर बोट ठेवून झाकलं (लांबून, काचेला हात न लावता) की चित्र थंड पडतं, मामांनी मला करून दाखवलं.

चित्रकार तिथेच बसले होते, पन्नाशीचे असतील, एकदम साधे. मी विचारलं पांढरा कुठला वापरलाय, तर हसले आणि म्हणाले, "पांढरा आम्ही लावत नाही ओ ताई, राखतो." म्हणजे चित्र सुरू करायच्या आधीच ठरवायचं की कागद कुठे कोरा सोडायचा, एकदा त्यावर रंग गेला की तो उजेड परत आणता येत नाही. मग त्यांनी सांगितलं की हे चित्र जानेवारीत गुऱ्हाळात बसून केलंय, फोटोवरून नाही. आत एवढी वाफ आणि त्यात साखर, की कागद चिकट झालेला, वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वाळायलाच तयार नाही, उजवीकडच्या कोपऱ्यात रंग पसरून फुलासारखा डाग पडलाय तो त्यामुळे. घरी आल्यावर ते तो पुसायला गेले आणि थांबले. "राहू दे म्हटलं, तो पण गुऱ्हाळातलाच हाय." तिथली माणसं काम करताना यांच्याकडे बघायची पण नाहीत, पण रसात भेंडीचं पाणी टाकून मळी काढायची वेळ आली की गुळव्या स्वतः हाक मारायचा, "पेंटर, आता बघा, आता रंग बदलतोय." आणि शेवटी वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या उथळ हौदात, गूळ ओतल्यावर यांच्या हातावर गरम गुळाचा गोळा. हे सगळं सांगताना त्या माणसाचा चेहरा काय खुलला होता.

किंमत ६,५०० रुपये. माझ्यासाठी ही छोटी रक्कम नाही, मी पायरीवर जाऊन परत बसले, घरी नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला आवडलंय ना मग घे. आत आले आणि हो म्हटलं. त्यांनी चित्राखाली एक लाल टिकली चिकटवली, विकलं गेल्याची खूण. चित्र लगेच मिळत नाही, प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच राहतं. पण त्या हॉलमधली ती चौथी लाल टिकली होती, पाचव्या दिवशी, साठ चित्रांत चौथी. मी मोजली. आठ माणसांनी वर्षभर उन्हातान्हात बसून केलेलं काम आणि चार टिकल्या. तुम्ही कोल्हापुरात, सांगलीत, सातारला राहात असाल तर एवढं तरी करा, वर्षातून एकदा अशा प्रदर्शनाला जा, पोरांना न्या, चित्र घेणं जमलं नाही तर पन्नास-शंभरची कार्डं असतात ती घ्या, आणि चित्रकाराशी दोन शब्द बोला, त्यांना ते हवं असतं.

जे आवडलं नाही तेही लिहिते. आठातल्या तिघांचं काम एकसारखं वाटलं, तोच वाड्याचा दरवाजा, तीच बैलगाडी, तीच डोक्यावर घागर घेतलेली बाई, जी आता कुठल्याच गावात दिसत नाही. ही चित्रं फोटोवरून केलेली कळतात, सावल्या काळ्या-ठार असतात, सावलीत रंगच नसतो. मामा म्हणतात सावलीत बसल्याशिवाय सावली कळत नाही. दुसरं म्हणजे काही फ्रेमना साधी चकचकीत काच, पुराच्या चित्रात मला पाण्याबरोबर माझी ओढणी आणि ट्यूबलाइट दिसत होती, तीन वेळा जागा बदलली तेव्हा नीट दिसलं. आणि चित्रांची नावं सगळी इंग्रजी, मॉर्निंग लाइट, सायलेंट रिव्हर, हे का? घाट आपला, गुऱ्हाळ आपलं, बघायला येणारी माणसं मराठी. "पंचगंगा" एवढंच लिहिलं असतं तरी काळजाला भिडलं असतं. मी वहीत हे लिहून आलेय, नाव घालून.

बाहेर पडलो तेव्हा सहा वाजून गेलेले, मामा म्हणाले चल घाटावर जाऊ. दसरा चौकातून सीपीआर हॉस्पिटलवरून चालत गेलो. घाटावर पोरं पोहून कपडे बदलत होती, पाणी पार खाली, ज्या शिखरावर चित्रात कावळे बसले होते ते शिखर आता मान वर करून बघावं लागत होतं. तासापूर्वी चित्रात त्याच्या गळ्याशी पाणी होतं. मी वरखाली बघत राहिले, पाणी कुठवर येतं ते आधी फोटोत हजार वेळा बघितलंय, पण अंगात कळलं ते त्या दिवशी, चित्र बघून मग जागा बघितल्यावर.

आता जेवण.

शुक्रवार पेठेत एका बोळात काकी आहेत, घरातच खानावळ चालवतात, बाहेर पाटी नाही म्हणून मीही इथे नाव-पत्ता देत नाहीये, शिवाय त्यांना गर्दी नकोच आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार एवढेच दिवस. सकाळी दहाच्या आत फोन करून सांगायचं किती माणसं, त्या हिशेबाने मटण आणतात, रात्री पंचवीस ताटांच्या वर नाही. मामा त्यांच्या मुलाचे सर होते, त्यामुळे सकाळीच फोन झालेला. सोप्यात तीन टेबलं, आत स्वयंपाकघर दिसतं, काकी चुलीजवळ, सून भाकऱ्या थापतेय आणि काका वाढायला.

आम्हाला बसायला पाऊण तास लागला हे खरं. आधीचं कुटुंब उठेना, लहान मूल भाकरीचा तुकडा घेऊन खेळत होतं, काकांनी त्यांना एका शब्दाने घाई केली नाही आणि आम्हाला पायरीवर बसवून पाणी दिलं. भुकेने जीव गेला होता पण त्यांचं वागणं मला आवडलं.

ताट आलं. सुकं मटण, अळणीतल्या, म्हणजे बिनतिखटाच्या मटणाच्या पाण्यातल्या, मटणाचे दोन तुकडे, कांदा-लिंबू, दही-कांदा, ज्वारीची भाकरी आणि रश्शाच्या दोन वाट्या, एक तांबडा, एक पांढरा. मी सवयीने भाकरी तांबड्यात बुडवायला गेले तर आतून आवाज, "आधी पांढरा प्या वो. तांबडा आधी घेतलासा की पांढऱ्याची चव न्हाई कळायची."

वाटी तोंडाला लावली. आता हे कसं सांगू. हॉटेलात आपण पांढरा म्हणून पितो ते बहुतेक वेळा काजूची दाट पेस्ट, गोडसर, चमचा उभा राहील असलं काहीतरी असतं. हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात मागच्या वर्षी असाच प्यायले होते, दोन घोटांत नको झालेला. हा पातळ होता, जवळजवळ दुधासारखा, आधी नारळ लागला, मग मटणाचा अर्क, आणि गिळून झाल्यावर दोन सेकंदांनी घशात मिरी आणि आलं. तिखट नाही, गरम. डोळे आपोआप मिटले माझे. तीन वाट्या प्यायले आणि प्रत्येक वेळी काका न विचारता भरत होते.

जेवणं झाल्यावर गर्दी ओसरली तेव्हा आत जाऊन काकींशी बोलले. मटण पालव्याचंच, म्हणजे कोवळ्या बोकडाचं, आणि ते शिजवताना आलं-लसूण, मीठ, खडा मसाला थोडा, पण हळद अजिबात नाही. पांढऱ्याच्या पातेल्याला त्या तांबड्याचा डावसुद्धा लावू देत नाहीत, वेगळा डाव, वेगळं फडकं. "हळदीचं बोट जरी लागलं तरी गेला की तो." त्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, थोडेसेच काजू वाटून, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, जाळ बारीक, हात ढवळत ठेवायचा, उकळी फुटली की फाटतो. तो फाटू नये म्हणून त्या दहा मिनिटं जागच्या हलत नाहीत, फोन वाजला तरी. मी मामांकडे बघितलं, ते आधीच माझ्याकडे बघत होते. संध्याकाळीच प्रदर्शनात ऐकलं होतं ना, लावत नाही, राखतो.

तांबडा त्यांचा नुसता जाळ नाही. वर लाल कट येतो पण जीभ भाजत नाही, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची आणि तिळाची चव आधी येते. चटणी घरची, उन्हाळ्यात वर्षाची करतात, तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी, कांदा-लसूण घालून, कांडपातून आणायची पण स्वतः समोर उभं राहून. सुक्यात मटण हाताने सुटत होतं, तरी रेषा राहिलेल्या, लगदा झालेला नव्हता. भाकरी तव्यावरून थेट ताटात, पापुद्रा वाफेने फुगलेला, मी बोटाने फोडला तर वाफ निघाली आणि मला एकदम ते काहिलीवरचं कोरं पांढरं आठवलं.

भात मात्र जरा मऊ झाला होता, आणि शेवटच्या पंगतीला असल्यामुळे सुकं थोडं कमी आलं, मामांनी त्यांच्या ताटातलं मला दिलं. बाकी काही म्हणायला जागा नाही. ताट ३८० रुपये, दोन्ही रस्से हवे तेवढे, भाकरी दोन आणि तिसरी काकींच्या हट्टाने, "लहान हाय, घ्या." मामीसाठी पांढरा डब्यात बांधून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या पेशंटचे कसले पैसे.

शनिवारी सकाळी परतीच्या गाडीआधी राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय पण उरकलं. मराठी सिनेमातले नट चंद्रकांत सगळ्यांना माहीत आहेत, पण त्यांनी आपलं राहतं घर आणि चित्रं सरकारला दिली हे किती जणांना ठाऊक आहे? कोरडी पावडर कागदावर चोळून केलेली त्यांची पावडर शेडिंगची चित्रं तिथे बघायला मिळतात, त्या धूसर कडा जवळून बघा. मला वेळ कमी पडला, तासभर तरी हातात ठेवून जा.

चित्र सोमवारी मामांनी ताब्यात घेतलं आणि भावाबरोबर पाठवलं, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, वर जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर मामांच्या सुवाच्य अक्षरात "ह्याच्या अंगावर पाणी सांडू देऊ नये". आल्यावर फोन करून तीन गोष्टी बजावल्या, पश्चिमेच्या भिंतीला लावू नकोस संध्याकाळचं ऊन येतं, काच काढू नकोस दमट हवेत बुरशी धरते, आणि पावसाळ्यात मागची बाजू एकदा बघत जा. मी ते जेवायच्या टेबलासमोर लावलंय. मुलगी रोज विचारते तो माणूस तोंड का दाखवत नाही.

मामीचे डोळ्यात थेंब घालायचे दिवस अजून दोन आठवडे आहेत. त्यानंतरचा शुक्रवार काकींना सांगून ठेवलाय, सहा माणसं, आणि या वेळी पहिल्या पंगतीला.